अनुभव धागा: कॅन्सर कळल्यावर माहिती आणि आधार कुठे मिळाला, कुणी सांगितलं?

चिंचेचं झाड (धागाकर्ती)

परवा मैत्रिणीचा फोन आला, नवऱ्याच्या बायोप्सीत कॅन्सर आलाय, आता काय करू. मी सलग ४० मिनिटं बोलत होते आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की यातलं जवळजवळ काहीच मला डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. सगळं कुठल्यातरी रांगेत, कॅन्टीनमध्ये, लिफ्टपाशी उभं असताना कळलेलं. म्हणून हा धागा. तुम्हाला कुठली गोष्ट कुणाकडून कळली ते लिहा. काढे, ज्यूस, कुणीतरी कुठल्यातरी गावात देतं ते औषध, हे इथे नको प्लीज.

माझंच आधी सांगते. २०१९, मोठी बहीण, वय ४६, डाव्या स्तनात गाठ. साताऱ्याहून पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. दोन केमोचे पैसे रोख भरले, त्यासाठी भावाने एफडी मोडली आणि मी पाटल्या. तिसऱ्या केमोला फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, केशरी कार्ड हाय नव्हं तुमचं? मग पैसं कशाला भरताय?" महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राचं (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा मदतनीस) टेबल खाली मेडिकलच्या दुकानाला लागूनच होतं, त्याच्यासमोरून आम्ही कितीदा गेलो असू. पण मंजुरी उपचाराच्या आधी घ्यावी लागते, झालेला खर्च परत मिळत नाही, त्यामुळे ते दोन केमो गेलेच. पुढचे मात्र योजनेत झाले. तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती, आता ५ लाख झालीये आणि पांढरं कार्डही चालतं. प्रत्येक हॉस्पिटल योजनेत नसतं आणि प्रत्येक औषधही बसत नाही, पण पहिल्या दिवशी विचारायला काय जातंय. बहीण आता बरी आहे, माझ्यावर ओरडण्याइतकी बरी.

गोदाकाठचा

लिहायला बसलोय पण कुठून सुरू करू कळत नाही. आमचे वडील, परभणी जिल्हा, तंबाखू आयुष्यभर, गालाच्या आतल्या बाजूला जखम जी चार महिने बरी होईना. गावातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं टाटाला जा. आम्ही मी, वडील आणि चुलतभाऊ नंदीग्रामने दादरला उतरलो, परळला पोचलो आणि पहिल्या दोन रात्री फुटपाथवर काढल्या. लाज वाटण्यासारखं काही नाही, आमच्यासारखी शेकडो माणसं तिथे असतात, बिहारची बंगालची आसामची, रात्री कोणीतरी गाडी लावून खिचडी वाटतं, सकाळी चहा बिस्किटं. पण वडलांच्या तोंडात जखम, त्यांना खिचडीसुद्धा गिळवत नव्हती आणि ते सारखे म्हणायचे घरी चल.

तिसऱ्या दिवशी शेजारी झोपणारे जळगावचे एक काका, त्यांच्या बायकोचं चालू होतं, ते मला हाताला धरून घेऊन गेले. समाजसेवा विभाग नावाची गोष्ट हॉस्पिटलात असते हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिथल्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि गाडगे महाराज धर्मशाळेसाठी पत्र दिलं. दादर पूर्वेला आहे, टाटा, केईएमच्या पेशंटसाठीच. जागा लगेच मिळेल असं नाही, आम्हाला दोन दिवस थांबावं लागलं, पण मिळाली. जेवण तिथेच. वडलांनी गाडगेबाबांचा फोटो बघितला आणि पहिल्यांदा म्हणाले, हां, इथं राहू. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन पण आहे, आमच्या ओळखीचे हिंगोलीचे लोक तिथे होते, स्वच्छ आहे म्हणायचे.

नवीन जाणाऱ्यांसाठी आणखी दोन तीन गोष्टी. फाईल काढताना जनरल की प्रायव्हेट विचारतात, घाबरून प्रायव्हेट म्हणू नका. डॉक्टर तेच असतात, खर्चात मात्र जमीन अस्मानाचा फरक. पैसे स्मार्ट कार्डवर भरायचे असतात, प्रत्येक टेस्टला त्यातून कापतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी जिथे बायोप्सी झाली तिथून स्लाईड आणि ब्लॉक (काचेवरचा आणि मेणातला नमुना) दोन्ही घेऊन जा. आम्ही नुसता रिपोर्टचा कागद नेला होता. चुलतभावाला परत परभणीला पाठवावं लागलं, तीन दिवस गेले. ऑपरेशन झालं, जबड्याचा थोडा भाग काढला, मग तीस शेक, म्हणजे रेडिएशन. आता पातळ वरण भात खातात, बोलणं कळतं आम्हाला.

ज्वारीची भाकरी

गोदाकाठचा दादा, रेल्वेचं लिहायचं राहिलं तुमचं. कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण माफी आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रेल्वेचा ठरलेला फॉर्म असतो, त्यावर हॉस्पिटलची सही शिक्का लागतो. आमच्याकडे हे सहाव्या फेरीला कळलं, तेही शेजारच्या बर्थवरच्या बाईंकडून. एसटीत पण सवलत असते, डेपोत विचारा.

सायलीची आई

माझी मुलगी साडेचार वर्षांची होती, रक्ताचा कॅन्सर, एएलएल म्हणतात तो. आम्ही श्रीगोंद्याच्या बाजूचे. डॉक्टर म्हणाले हा मुलांमध्ये बरा होऊ शकतो पण उपचार लांब चालतात, अडीच वर्षं धरून चला. अडीच वर्षं मुंबईत राहायचं कुठे? मिस्टरांचं गॅरेज, मोठा मुलगा शाळेत.

मुलांच्या विभागातून सेंट ज्यूडचं नाव कळलं, कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांची राहायची सोय करणारी संस्था. तिथे आपण थेट जाऊन जागा मागू शकत नाही, हॉस्पिटलने पाठवावं लागतं. राहणं फुकट, प्रत्येक कुटुंबाला वेगळी जागा आणि सामायिक स्वयंपाकघरात प्रत्येकीची आपापली शेगडी. ही शेगडीची गोष्ट तुम्हाला साधी वाटेल. केमोच्या दिवसांत पोरगी काही खाईना, फक्त आजीच्या हातची मुगाच्या डाळीची आमटी मागायची. मी ती माझ्या शेगडीवर रात्री साडेदहाला करून दिलीये. लॉजवर असते तर?

पण खरी शाळा म्हणजे तिथल्या बाकीच्या आया. एक गोरखपूरची, एक कोलकात्याची, एक बीडची. काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) म्हणजे काय, एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, किती खाली गेला की ताप नसला तरी जपायचं, ताप १०० च्या वर गेला की सकाळची वाट बघायची नाही लगेच निघायचं, हे मला बीडच्या ताईने शिकवलं, तिची स्वतःची सातवी झालेली. डॉक्टर सांगायचे तेव्हा मला फक्त त्यांचे ओठ हललेले दिसायचे, डोक्यात काही जायचं नाही. तीच गोष्ट ताईने भांडी घासता घासता सांगितली की समजायची. तिचा मुलगा नंतर गेला. सायली आता चौथीत आहे. ताईला मी अजून फोन करते, दर संक्रांतीला, आणि सायलीबद्दल ती स्वतःहून विचारेपर्यंत मी काही बोलत नाही.

टपालपेटी

वरचं वाचून थांबले जरा वेळ.

माझा अनुभव अगदी वेगळा. मी न्यू जर्सीत, बाबा सांगलीत, स्वादुपिंडाचा कॅन्सर. माझ्याकडे माहिती कमी नव्हती, उलट जास्तच होती. रात्री दोनला मी जगण्याचे टक्के शोधत बसायचे आणि सांगलीत सकाळ असायची तेव्हा फोन करून दादाला फैलावर घ्यायचे, हे का नाही केलं, ते का नाही विचारलं. दादा एकदा म्हणाला, तू वाचतेस, मी त्यांना उचलून बाथरूमला नेतो. त्यानंतर मी गप्प झाले थोडी.

दोन गोष्टींचा खरा उपयोग झाला. एक म्हणजे 'नव्या' नावाची ऑनलाईन सेवा, टाटाच्या आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या (देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) तज्ज्ञांचं मत तिथे मिळतं, सगळे रिपोर्ट अपलोड केले आणि लेखी उत्तर आलं. बाबांना त्या अवस्थेत मुंबईला न्यावं लागलं नाही. सांगलीचे डॉक्टर जे करत होते तेच बरोबर आहे असं त्यात आलं आणि घरातलं भांडण त्या दिवशी संपलं. दुसरी म्हणजे जास्कॅप या कॅन्सर पेशंटना मदत करणाऱ्या संस्थेच्या मराठी पुस्तिका. एकेका कॅन्सरवर, केमोवर, जेवणाखाण्यावर वेगवेगळ्या, मुळात ब्रिटनमधल्या कॅन्सरबॅकअप या संस्थेच्या. भाषा थोडी बोजड आहे खरी, पण आईने चष्मा लावून पेन्सिलने खुणा करत वाचल्या. तोपर्यंत तिला आम्ही सगळे "काही नाही, होईल बरं" एवढंच सांगत होतो. वाचून झाल्यावर तिने विचारलेला प्रश्न आमच्यापैकी कुणीच डॉक्टरांना विचारला नव्हता: यांना दुखणार किती?

हौशी वैद्य

सगळे ॲलोपॅथीच्या मागे धावताय. लक्ष्मणफळ आणि गव्हांकुराचा रस, आमच्या साहेबांच्या मेहुण्याची गाठ तीन महिन्यात

चिंचेचं झाड (धागाकर्ती)

वर पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय हो. माझ्या बहिणीच्या सोबतची एक पेशंट याच तीन महिन्यांसाठी केमो सोडून गेली होती आणि परत आली तेव्हा गाठ फुटलेली होती. वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडते.

बाराबंदी

मी स्वतः पेशंट. वय ५४, गुदाशयाचा कॅन्सर, पोटावर कायमची पिशवी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शौचाचा मार्ग पोटावर काढून देतात, त्याला स्टोमा म्हणतात, त्यावर पिशवी चिकटवायची. ऑपरेशनच्या आधी सर्जन म्हणाले तुम्ही नॉर्मल आयुष्य जगाल. मी मनात म्हटलं तुम्ही लावून बघा.

पहिला महिना घराबाहेर पडलो नाही. पिशवी सुटायची, कातडी सोलवटून निघालेली, बायको काही बोलायची नाही पण रोज चादर धुवायची. मग चेकअपला गेलो तेव्हा स्टोमा क्लिनिकच्या सिस्टरनी ऑस्टॉमी असोसिएशनबद्दल, म्हणजे आमच्यासारख्या पिशवीवाल्यांच्या संस्थेबद्दल, सांगितलं, परळलाच आहे, १९७५ पासून काम चालू. तिथे एक गृहस्थ भेटले, बँकेतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट. मी आपलं रडगाणं लावलं, ते शांतपणे ऐकत होते. मग उठले, दार लोटलं आणि शर्ट वर केला. १४ वर्षं झाली म्हणाले, तुम्हाला कळलं का मला बघून? नव्हतं कळलं.

तासभर बसलो. पिशवीचं भोक स्टोमाच्या मापाचंच कापायचं, मोठं कापलं की मल कातडीला लागतो आणि सोलवटतं, माझं तेच होत होतं. कातडी पूर्ण कोरडी करूनच चिकटवायची. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, जड झाली की सुटते. कोबी, राजमा, सोडा जपून. प्रवासात एक जादा सेट, तोही सामानात टाकायचा नाही, अंगाजवळच्या पिशवीत. हे कुठल्याच कागदावर मला नव्हतं मिळालं, म्हणजे असेलही, मी वाचलं नव्हतं. परवा आळंदीला जाऊन आलो, एसटीने, उभ्याने.

नुसतीच वाचक

बाराबंदी काका, हसू आणि रडू एकदमच आलं. एक छोटी भर. स्तनाच्या ऑपरेशननंतर ज्यांना सिलिकॉनचा कृत्रिम स्तन परवडत नाही किंवा उकाड्यात नको वाटतो त्यांच्यासाठी मऊ सुती धाग्याचे क्रोशाने विणलेले मिळतात, बायका घरी विणून फुकट देतात, आपल्या मापाचा सांगायचा. आईने दोन वर्षं ब्लाऊजमध्ये हातरुमालाची घडी कोंबली होती, कुणाला विचारायचं म्हणून. मला सुद्धा सांगितलं नव्हतं.

रानजाई

मी हे लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. बाकी सगळे बरं होण्याबद्दल लिहितायत.

आईचा अंडाशयाचा कॅन्सर होता, तिसऱ्यांदा उलटला. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात आणखी एक केमो करून बघू म्हणाले, आम्ही हो म्हटलं, नाही म्हणायचं कसं. पोटात पाणी व्हायचं, दुखायचं, रात्रभर ती भिंतीकडे तोंड करून पडायची. पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार, हा शब्द भावाच्या ऑफिसातल्या एकाने सांगितला. मी चिडले, म्हटलं म्हणजे आता मरायलाच न्यायचं का.

वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, १९९७ पासूनचं, एक पैसा घेत नाहीत. गेटमधून आत गेल्यावर झाडं आणि मोकळी जागा, हॉस्पिटलचा वास नाही. डॉक्टर आईशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, आजी, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? आई म्हणाली झोप नाही. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, आम्हाला वाटायचं त्याची सवय लागेल, गुंगीत राहील, तसं काही झालं नाही. दुसऱ्या रात्री ती सहा तास झोपली. सकाळी उठून म्हणाली, वेणी घाल. केस बोटभरच आले होते परत, मी तेल लावलं नुसतं.

तिथे दहा दिवस राहून, मलाही शिकवून घरी पाठवलं, त्यांचे लोक घरी येऊन बघून जायचे. घरीच गेली. मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, तेही असंच, १९८६ पासूनचं. मला एवढंच म्हणायचंय की हे लोक शेवटच्या आठवड्यासाठी नसतात, दुखणं सुरू झालं की उपचार चालू असतानाही जाता येतं. आम्ही चार महिने आधी जाऊ शकलो असतो. चार महिने ती भिंतीकडे तोंड करून होती.

ज्वारीची भाकरी

रानजाई, बरं झालं लिहिलंत.

उस्मानाबादी

नमस्कार, धागा आत्ताच बघितला. आईच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय, रिपोर्ट काल आला. शेजारचे म्हणतात मुंबई, मामा म्हणतो काही करू नका वय झालंय. आई ६१. माझं डोकं चालत नाहीये. केशरी कार्ड आहे.

चिंचेचं झाड (धागाकर्ती)

आधी पाणी प्या. ६१ काही वय नाही, मामांना सांगा. तुम्हाला मुंबईच्या आधी बार्शी जवळ पडेल, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, शेकाची सोय तिथे आहे. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. जिथे जाल तिथे शिरल्या शिरल्या आरोग्यमित्र कुठे बसतात ते विचारा, पैसे भरायच्या आधी. रेशनकार्ड, आधार, दोन्हीच्या झेरॉक्स. वही घ्या आणि आईलाच विचारून प्रश्न लिहा.

गोदाकाठचा

आणि दादा, बायोप्सी जिथे झाली तिथून ब्लॉक आणि स्लाईड. आजच जा.

उस्मानाबादी

गेलो होतो. आधी नाही म्हणाले, मग अर्ज लिहून द्या म्हणाले, मग दिले. काचेच्या दोन पट्ट्या आणि एक छोटा चौकोनी मेणाचा तुकडा. हाच ना?

गोदाकाठचा

हाच. मेण आहे, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

उस्मानाबादी

आईच्या पर्समध्ये ठेवलाय. पहाटेच्या बार्शी गाडीने निघतोय.