मदत हवी आहे: चालू सर्व्हिसवर मोजणी सुरू-बंद करणाऱ्या कोडचा रिव्ह्यू

काटापावती (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

आम्ही छत्रपती संभाजीनगरला बसून साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. धाराशिव, बीड, जालना या पट्ट्यात आमच्या साइट आहेत. एकदा गाळप सुरू झालं की काट्याचा सर्व्हर बंद करायचा विषयच निघत नाही. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं, गाडी गव्हाणीकडं जाते, रिकामी होऊन परत काट्यावर येते, तेव्हा पावती पूर्ण होते. रात्रंदिवस हेच चालतं. एका साइटवर पहाटेच्या सुमारास पावती निघायला फार वेळ लागतो आणि बाहेर रांग वाढत जाते. तोडलेला ऊस जितका वेळ उभा राहील तितका वाळतो, वजन शेतकऱ्याचं घटतं. त्यामुळं हा प्रश्न आमच्यासाठी नुसता सर्व्हरचा नाही.

सर्व्हिस थांबवून तपासता येत नाही, म्हणून आमच्या टीममधल्या एका नवीन मुलीनं एक छोटं मोजणीचं टूल सी मध्ये लिहिलं आहे. नांदेडची आहे, कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडली, काम मनापासून करते. टूल पर्फ-इव्हेंट-ओपन या सिस्टीम कॉलनं (कर्नेलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, मोजणी मागायची सोय) चालू सर्व्हिसला जोडलं जातं आणि सीपीयू सायकल, कॅश मिस (हवा तो डेटा प्रोसेसरच्या जवळच्या मेमरीत न सापडणं), कॉन्टेक्स्ट स्विच (प्रोसेसरनं एक काम सोडून दुसऱ्याकडं वळणं) वगैरे मोजतं. मोजणी आधी बंद असते. एका नेम्ड पाइपमध्ये (फाइलसारखं नाव असलेली नळी, एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं) 'एनेबल' लिहिलं की सुरू, 'डिसेबल' लिहिलं की बंद, 'स्नॅपशॉट' लिहिलं की त्या क्षणाचे आकडे लॉगमध्ये. कल्पना लिनक्सच्या पर्फ या मोजणीच्या टूलमधल्या 'कंट्रोल' ऑप्शनवरून घेतली आहे. कोणी विचारायच्या आधीच सांगतो, त्याचीच पर्फ स्टॅट ही कमांड आम्ही वापरून पाहिली. पण आकडे पावतीच्या लॉगशेजारी, त्याच टेबलमध्ये हवेत, म्हणून वेगळं टूल.

तिचा पॅच (कोडमधला बदल) माझ्याकडं रिव्ह्यूला आहे. तिच्या लॅपटॉपवर चालतो, माझ्याकडंही चालतो. तरी मंजूर करायला हात धजत नाही.

मला दिसलं ते असं. पाइप फक्त वाचण्यासाठी, नॉनब्लॉकिंग (काही नसलं तरी अडून न बसणारा) उघडला आहे आणि पोल (काही येईपर्यंत वाट बघणारा कॉल) त्यावर थांबतो. टूल सुरू केलं तेव्हा टॉपमध्ये (कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारी कमांड) ते कुठं दिसलंही नाही. दुसऱ्या टर्मिनलवरून एको (मजकूर लिहून देणारी कमांड) करून 'एनेबल' पाठवलं, मोजणी सुरू झाली, आणि त्याच क्षणापासून टॉपच्या पहिल्या ओळीत आमचं टूल, १०० टक्के. 'डिसेबल' पाठवलं तरी तसंच. एक अख्खा कोर टूलच खातंय आणि आपण सर्व्हिस कुठं अडते ते शोधतोय.

दुसरं, रीड केल्यावर ६४ बाइटच्या बफरची (वाचलेलं तात्पुरतं ठेवायची जागा) सुरुवात 'एनेबल'शी जुळते का एवढंच बघितलं आहे. तिसरं, कमांड मिळाली, पाळली, असं उलट काहीच कळवलं जात नाही. आमची स्क्रिप्ट 'एनेबल' लिहून लगेच पुढं जाते.

यातलं काय आत्ताच अडवायचं आणि काय पुढच्या पॅचवर सोडायचं? आणि माझ्या नजरेतून काही सुटतंय का? टीममधले एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, पाइपची भानगडच नको, यूझर-वन आणि यूझर-टू सिग्नल (चालू प्रोसेसला बाहेरून द्यायची नुसती खूण) वापरा, दोन ओळींत काम होतं. त्यावरही मत हवं आहे.

—

जुना_सीवाला:

१०० टक्क्यांचं कारण सोपं आहे. एको पाइप उघडतो, लिहितो, बंद करतो. लिहिणारा शेवटचा माणूस गेला की लिनक्स वाचणाऱ्याला हँगअप (पलीकडं आता कोणी नाही) कळवतो, आणि ती खूण पुसली जात नाही. पोल लगेच परत येतो, रीड शून्य देतं, परत पोल, परत शून्य. पहिली कमांड येईपर्यंत शांत का होतं तेही यातच आलं. तोवर कोणी लिहिणारा आलाच नव्हता, मग जाणार कोण?

उपाय म्हणजे पाइप वाचन-लेखन दोन्हीसाठी उघडायचा. मग आपणच एक लिहिणारे असतो आणि हँगअप येतच नाही. पॉसिक्स या युनिक्सच्या मानकात याची हमी नाही, पण लिनक्सवर चालतं आणि पर्फही तसंच करतो. पोर्टेबल हवं असेल तर वाचायला एक आणि लिहायला एक असे पाइपचे दोन डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचे नंबर) उघडून ठेवा. हे आत्ताच अडवा.

सिग्नलचा सल्ला मानू नका. साधे सिग्नल रांगेत लागत नाहीत. पहिला पेंडिंग (अजून न पोचलेला) असताना दुसरा तोच आला तर दोन्ही मिळून एकच पोचतो. हँडलर (सिग्नल आल्यावर चालायचा कोड) बसायच्या आधी यूझर-वन आला तर प्रोसेस मरते, कारण त्याचं डिफॉल्ट वागणं तेच आहे. आणि उत्तर द्यायला जागाच नाही.

—

सिस्टीमवाली_लातूर:

दादा, तुमचा दुसरा मुद्दा मला पहिल्याइतकाच गंभीर वाटतो. पाइप म्हणजे बाइटचा प्रवाह, त्यात 'एक कमांड' असं काही नसतं. ४०९६ बाइटपर्यंतचं एक राइट लिनक्सवर तुटत नाही हे खरं, दोन जणांची अक्षरं एकमेकांत मिसळणार नाहीत. पण दोन राइट एकाच रीडमध्ये येऊ शकतात. एनेबल आणि डिसेबल पाठोपाठ आले तर हा कोड पहिलं पाळतो आणि दुसरं फेकून देतो. मोजणी चालूच राहिली, आणि कोणाला पत्ता नाही! नवीन ओळ येईपर्यंत साठवा, पूर्ण ओळ झाली की पाळा, उरलेलं पुढच्या रीडसाठी ठेवा. अनोळखी शब्द आला तर लॉगमध्ये लिहा, गिळू नका.

तपासायलाही सोपं आहे. प्रिंटएफनं आधी 'एने' एवढंच पाठवा, एक सेकंद थांबा, मग उरलेला शब्द आणि नवीन ओळ. यात टिकलं की बरंचसं टिकलं.

पोच तर हवीच. पर्फ दुसऱ्या पाइपवर 'अॅक' लिहितो, कमांड पाळून झाल्यावर. 'पाळून झाल्यावर' याला महत्त्व आहे. आयऑक्टलचा (मोजणी सुरू-बंद करणारा कॉल) परतावा तपासा आणि मगच पोच द्या. फसलं तर तसं कळवा. त्यात मी एक भर घालेन. आधीची न वाचलेली पोच पाइपमध्ये पडून राहते आणि पुढची स्क्रिप्ट तीच आपली समजते. म्हणून कमांडसोबत एक नंबर पाठवा आणि पोचेत तोच परत मागा. पोचेचं राइट नॉनब्लॉकिंग ठेवा, नाहीतर वाचणारं कोणी नसेल आणि पाइप भरला तर टूल तिथंच अडकेल.

—

मोंढा_नाका:

भाऊ, सर्व्हिस मल्टीथ्रेडेड आहे का, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये कामाचे अनेक थ्रेड सोबत चालतात का? असेल तर आधी हे बघा. पर्फ-इव्हेंट-ओपनला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) दिला की ते फक्त त्या एका थ्रेडला जोडलं जातं, म्हणजे मेन थ्रेडला. इनहेरिट (नव्या थ्रेडनाही मोजणी लागू करणारी सेटिंग) लावलं असलं तरी त्यात जोडल्यानंतर जन्मलेले थ्रेड येतात, आधीपासून चालू असलेले येत नाहीत. पर्फला पीआयडी दिला की तो प्रॉक (चालू प्रोसेसची माहिती असलेली डिरेक्टरी) मधल्या टास्क डिरेक्टरीतून सगळे थ्रेड स्वतः शोधतो, म्हणून तिथं हे जाणवत नाही. तुमच्या टूलला ते स्वतः करावं लागेल. काट्याचं काम वर्कर थ्रेड करत असतील आणि मेन थ्रेड नुसता कनेक्शन घेत असेल, तर तुम्ही आजवर झोपलेल्या थ्रेडची मोजणी बघत असाल.

—

काटापावती:

आत्ता कोड उघडून बघितला. मोंढा_नाका, तुम्ही म्हणता तसंच आहे. सर्व्हिस सुरू होतानाच वर्कर थ्रेडचा ठरलेला ताफा तयार होतो आणि आमचं टूल नंतर फक्त मेनला जोडलं जातं. इनहेरिट एक केलेलं आहे, त्यामुळं रिव्ह्यूत माझी नजर तिथून पुढं सरकली. मनापासून धन्यवाद.

त्याच ठिकाणी अजून एक दिसतंय. एकच अॅट्रिब्यूट स्ट्रक्चर (सेटिंगचा संच) सगळ्या इव्हेंटना, म्हणजे मोजायच्या गोष्टींना, वापरलं आहे, त्यात डिसेबल्ड एक, म्हणजे सुरुवातीला बंद, असं आहे. इव्हेंट ग्रुपमध्ये आहेत आणि एनेबलचा आयऑक्टल फक्त लीडरवर (ग्रुपमधला मुख्य इव्हेंट), आर्ग्युमेंट शून्य. म्हणूनच कॅश मिसचा आकडा कायम शून्य येत असावा का? ती म्हणत होती की लॅपटॉपच्या प्रोसेसरवर तो इव्हेंट नसेल.

—

जुना_सीवाला:

प्रोसेसरला दोष देऊ नका, तो इव्हेंट नसता तर ओपनच फसलं असतं. लीडर बंद असेल तर अख्खा ग्रुप बंद राहतो. पण लीडर सुरू केला म्हणून स्वतः डिसेबल्ड असलेला सदस्य सुरू होत नाही. मॅन पेजमधली (लिनक्सचं मदतपान) पद्धत अशी की लीडरला डिसेबल्ड एक, सदस्यांना शून्य. मग एका लीडरवर सगळा ग्रुप चालू-बंद होतो. आयऑक्टलला ग्रुप फ्लॅग देऊनही जमेल, पण पहिली पद्धत वाचायला सरळ.

वर्कर ठरलेले आहेत ना? मग इनहेरिट काढूनच टाका. इनहेरिट आणि ग्रुप फॉरमॅटचं रीड (अख्ख्या ग्रुपचे आकडे एकदम वाचणं) हे एकत्र बऱ्याच कर्नेलवर चालत नाही. टास्क डिरेक्टरी वाचून प्रत्येक थ्रेडला वेगळा ग्रुप जोडा आणि शेवटी बेरीज करा.

रिसेट (आकडा परत शून्य करणं) कुठं करताय, तेही सांगा.

—

काटापावती:

दर एनेबलला, म्हणजे नवी मोजणी शून्यापासून सुरू व्हावी म्हणून. आणि स्नॅपशॉटमध्ये आकडा टाइम-एनेबल्डनं गुणून टाइम-रनिंगनं भागला आहे.

—

जुना_सीवाला:

मग ही सगळ्यात वाईट जागा, कारण इथं आकडा शून्य येत नाही, पटेल असा येतो.

प्रोसेसरमध्ये हार्डवेअर काउंटर मोजकेच असतात. इव्हेंट जास्त झाले की कर्नेल त्यांना पाळीपाळीनं बसवतो. म्हणून दोन कालावधी मिळतात: इव्हेंट किती वेळ सुरू होता (टाइम-एनेबल्ड), आणि त्यातला किती वेळ खरोखर काउंटरवर होता (टाइम-रनिंग). त्या प्रमाणात आकडा वाढवून अंदाज काढायचा, हे तुमच्या कोडमध्ये बरोबर आहे. पण रिसेट फक्त काउंट शून्य करतो. हे दोन कालावधी शून्य करायची सोयच नाही.

समजा पहिल्या फेरीत १०० सेकंद सुरू आणि ५० सेकंद काउंटरवर. दुसऱ्या फेरीत १०० सेकंद सुरू आणि पूर्ण १०० काउंटरवर. दुसऱ्या फेरीचा काउंट जसाच्या तसा खरा आहे. पण तुमचं टूल २०० ला १५० नं भागणार आणि काउंट एक तृतीयांशानं फुगवणार. पहिली फेरी मागेच संपली, तरी तिचा वाटा दुसरीच्या हिशेबात.

रिसेट काढा. एनेबलच्या वेळी काउंट आणि दोन्ही कालावधी वाचून ठेवा, डिसेबलनंतर परत वाचा, तिन्हींची वजाबाकी करा आणि त्यावर प्रमाण लावा. टाइम-रनिंगचा फरक शून्य आला तर भागाकार करू नका, 'मोजलं गेलं नाही' असं लिहा. शून्य लिहाल तर कोणीतरी ते खरं मानेल.

—

सिस्टीमवाली_लातूर:

याची चाचणी मी अशी घेते. मोजणी बंद असताना, सर्व्हिसवर भार ठेवून, थोड्या अंतरानं दोनदा वाचायचं. आकडे तंतोतंत सारखे आले पाहिजेत, एकाचाही फरक नको. मग एनेबल, पोच, लगेच डिसेबल, पोच. आकडा लहान हवा, पण शून्य नको.

पाइपचे परमिशनही बघा दादा. सगळ्यांना लिहिता येईल असा असेल तर काट्यावरच्या कुठल्याही लॉगिनला मोजणी बंद करता येईल. ०६६० (फक्त मालक आणि ग्रुपला वाचता-लिहिता येतं) आणि एक वेगळा यूझर ग्रुप पुरे. टूल रूटनं (सगळे अधिकार असलेलं खातं) चालवत असाल तर ५.८ कर्नेलपासून कॅप-पर्फमॉन हा मोजणीपुरता अधिकार आहे, तेवढीच कॅपॅबिलिटी देऊन बघा.

—

मोंढा_नाका:

अन् एक, स्क्रिप्ट मधेच मेली तर डिसेबल कोण पाठवणार? रात्री साइटवर आपलं माणूस नसतं. एनेबलसोबत मुदत घ्या, तेवढा वेळ झाला की टूलनं आपणहून बंद व्हावं अन् लॉगला 'मुदत संपली' असं लिहावं. आमच्याकडं एका दालमिलच्या सर्व्हरवर अशीच चालू राहिलेली ट्रेस फाइल डिस्क भरेपर्यंत वाढली होती.

पाइपऐवजी युनिक्स सॉकेट (एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅममधलं दुतर्फी कनेक्शन) वापरलं तर बरेच प्रश्न आपोआप सुटतात. त्याच्या सीक्वपॅकेट प्रकारात एक संदेश तो एकच राहतो, पोच त्याच कनेक्शनवर परत जाते, पाठवणारा कोण तेही कर्नेलच सांगतो. पण साइटवरच्या ऑपरेटरला फोनवर 'एको करा' सांगणं सोपं, तिथं पाइपच बरा. या हंगामात पाइप राहू द्या, असं माझं मत.

—

काटापावती:

सगळ्यांचे आभार. आता चित्र स्पष्ट झालंय. खोटा आकडा देऊ शकणारं सगळं आत्ता अडवतो: थ्रेड जोडणं, ग्रुपमधलं डिसेबल्ड, रिसेटची वजाबाकी, ओळ पूर्ण होईपर्यंत साठवणं आणि नंबरासकट पोच. हँगअपही यातच, कारण कोर खाणारं टूल पहाटेच्या गर्दीत आकडेच बदलून टाकेल. मुदतही आत्ताच घेतो, मोंढा_नाकांचा अनुभव वाचल्यावर ते पुढं ढकलायची इच्छा नाही. परमिशन सेटअप स्क्रिप्टमध्ये बदलतो. सॉकेट हंगामानंतर.

शेवटचा प्रश्न तिच्याबद्दल. एका पॅचवर एवढ्या कॉमेंट एकदम टाकल्या तर ती खचेल अशी भीती वाटते. कल्पना तिची आहे, आणि चांगली आहे.

—

सिस्टीमवाली_लातूर:

कॉमेंट टाकायच्या आधी शेजारी बसवा आणि मोजणी बंद ठेवून दोनदा वाचायची चाचणी तिलाच चालवू द्या. मग मोजणी सुरू असताना मेन थ्रेडचे आकडे आणि टॉपमधले थ्रेडवार आकडे दोन्ही तिच्यासमोर ठेवा. थ्रेडचा घोळ ती स्वतः शोधेल, मी शोधला होता तसाच. रिसेटचं मात्र कागदावर गणित करून समजावा, ते नुसतं मॅन पेज वाचून लक्षात येत नाही. आणि पॅच एकच ठेवू नका, तिला तीन-चार छोटे करू द्या, म्हणजे एकेक मंजूर होत जाईल आणि तिलाही काम पुढं सरकताना दिसेल.

—

काटापावती:

हे पटलं ताई. उद्या सकाळी तिच्यासोबत बसतो. पहिला पॅच ओळ साठवण्याचा आणि हँगअपचा, दुसरा थ्रेड आणि ग्रुपचा, तिसरा वजाबाकीचा, चौथा पोच आणि मुदतीचा. तिसऱ्या पॅचचा कोड ती लिहील तेव्हा जुना_सीवाला यांनी एकदा बघावा, ही विनंती. इथंच टाकतो.

—

जुना_सीवाला:

टाका. सोबत दोन फेऱ्यांचे कच्चे आकडेही द्या, म्हणजे काउंट, टाइम-एनेबल्ड आणि टाइम-रनिंग, प्रमाण न लावलेले. कोडआधी तेच बघेन.