अ‍ॅडम शालचं छापचित्र: अस्सल की नक्कल?

प्रश्न: माझ्यासमोर एक छापचित्र आहे: चीनमधला जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाचा) खगोलज्ञ अ‍ॅडम शाल (१५९२–१६६६), मँडरिन म्हणजे चिनी दरबारी अधिकाऱ्याच्या पोशाखात. विक्रेता म्हणतो, जेझुइट विद्वान किर्शरच्या १६६७च्या ‘चायना इल्युस्ट्राटा’ या चीनवरच्या ग्रंथामधलं. खात्री कशी करू?

उत्तर १: १० पट भिंग लावा. ठिपक्यांची जाळी दिसली की विषय संपला, ती हाफटोन, म्हणजे बऱ्याच नंतरची ठिपक्यांची यांत्रिक छपाई. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या अस्सल चित्राच्या रेषा सलग, टोकाला निमुळत्या, शाई किंचित उठलेली. कागद उजेडासमोर धरा. साधारण २५ मिमी अंतराने साखळीरेषा (जुन्या हातकागदात साच्याच्या तारांनी उमटलेल्या समांतर रेषा) हव्यात.

उत्तर २: पत्र्याचा दाबठसाही (छापताना पत्र्याच्या कडांनी कागदावर पडलेली खूण) बघा. मात्र कागदाच्या कडा छाटल्या असतील तर तो जातो, तेवढ्यावरून नाकारू नका. रंग असेल तर बहुधा नंतरचा.

उत्तर ३: चित्रात शालसोबत रिच्ची आणि व्हर्बीस्ट हे चीनमधले इतर जेझुइटही आहेत? मग ते किर्शरचं नव्हे. फ्रेंच जेझुइट द्यू आल्डच्या चीनवरच्या १७३५च्या पॅरिस ग्रंथाशी ताडून पाहा.