तेरडा कुल: मूळ क्षेत्र ठरवताना हायड्रोसेरा ठेवायचा की काढायचा?

बाल्समिनेसी कुलात प्रजाती दोनच: इम्पेशन्स, हजारभर जातींची, आणि एकाच जातीची हायड्रोसेरा. माझ्याकडे ८२ जातींचे डीएनए-क्रम आहेत: केंद्रकातल्या आयटीएस पट्ट्याचे आणि हरितलवकातल्या एटीपीबी-आरबीसीएल पट्ट्याचे. कालमापन केलेला वंशवृक्ष बीस्ट २ या सॉफ्टवेअरमधून काढलाय, सगळे ईएसएस (परिणामकारक नमुनासंख्या, निकाल स्थिरावल्याची खूण) २०० च्या वर. क्षेत्रं पाच: चीन-आग्नेय आशिया, हिमालय, दक्षिण भारत-श्रीलंका, आफ्रिका, मादागास्कर.

घोळ मुळाशी आहे. हायड्रोसेरा दक्षिण भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली, त्यामुळे बायोजिओबेअर्समध्ये (पूर्वजांची क्षेत्रं अनुमानणारं सॉफ्टवेअर) डीईसी हे प्रसार-विलोपाचं प्रारूप वापरलं की पूर्वजही दोन्ही क्षेत्रांत दिसतो. ती काढली की नैर्ऋत्य चीनकडे बोट दाखवणारं, अपेक्षित उत्तर येतं. पण नकोशी जाती उडवून उत्तर मिळवणं पटत नाही. एका पूर्वजाला कमाल क्षेत्रं २ आणि ३, दोन्ही करून पाहिली, फरक नाही. नमुन्याची ओळख पक्की आहे: पाचही पाकळ्या सुट्या, फळ न तडकणारं. आयटीएस आणि हरितलवकाचे वृक्ष काही फांद्यांवर जुळत नाहीत (संकर असावेत), पण मुळाशी जुळतात. नवीन सिक्वेन्सिंग शक्य नाही. नमुने जुने, डीएनए तुटलेला.

मार्कग्राविएसी आणि टेट्रामेरिस्टेसी ही जवळची कुलं बाह्यगट (तुलनेसाठी कुलाबाहेरचे नातलग) म्हणून घेतली, तर अमेरिका हे सहावं क्षेत्र धरावं लागेल. त्याने मूळ सुटेल, की अनिश्चितता नुसती एक पायरी खाली सरकेल?