सौरवादळात वीजजाळं का कोसळतं?

प्रश्न: १८५९सारखं प्रचंड सौरवादळ आज आलं तर ट्रान्सफॉर्मर नेमके कशाने जातात?

वीजतंत्री: वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि जमिनीतून न्यूट्रलमार्गे (ट्रान्सफॉर्मरचा जमिनीला जोडलेला बिंदू) जवळजवळ डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, प्रवाह शिरतो. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा अर्ध्या आवर्तनात संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), टाकी तापते, हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरी) वाढतात. १३ मार्च १९८९ला कॅनडातल्या क्युबेकमध्ये सौरवादळात याच हार्मोनिक्समुळे ७ स्टॅटिक व्हार कॉम्पेन्सेटर (व्होल्टेज सांभाळणारी उपकरणं) ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले, आणि दीड मिनिटात जाळं बसलं. ९ तास अंधार, ६० लाख लोक. म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळायच्या आधी रिलेच (बिघाड दिसताच उपकरण तोडणारी संरक्षक यंत्रणा) घात करतात!

रिलेवाला: नंतर क्युबेकमध्ये लांब वाहिन्यांवर सिरीज कपॅसिटर (वाहिनीच्या मार्गातच जोडलेले) बसवले, ते डीसी अडवतात. न्यूट्रलमध्येही कपॅसिटर चालतो, पण फॉल्टच्या (शॉर्टसर्किटसारख्या बिघाडाच्या) वेळी प्रवाहाला बायपास, म्हणजे पर्यायी वाट, हवाच, नाहीतर तोच फुटेल.

प्रश्नकर्ता: आणि महाराष्ट्रात?

वीजतंत्री: चुंबकीय अक्षांश कमी, त्यामुळे धोका बराच कमी. तरी ७६५ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लांब वाहिन्यांचा रोध कमी असतो, म्हणून त्यांत असा प्रवाह सहज वाहतो. तिथे न्यूट्रलला डीसी मोजणारा सेन्सर लावाच.