चॅपल = छोटं चर्च?

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशरमधल्या डीअरहर्स्ट गावच्या ओडाज चॅपलवर मराठीत लिहितेय आणि पहिल्याच शब्दाला अडलेय. चॅपलला "छोटं चर्च" म्हटलं तर चालेल का?

– नको, लहान-मोठं हा मुद्दाच नाहीये. गावाचं चर्च वेगळं, सेंट मेरीचं, ते तिथून हाकेच्या अंतरावर आहे. हे ओडा नावाच्या सरदारानं भावासाठी बांधलेलं. गोव्यात बघा, कोंकणीत इगर्ज म्हणजे चर्च वेगळी आणि कोपेल म्हणजे चॅपल वेगळं, कुणी गल्लत करत नाही. कोपेल पोर्तुगीजमधून आलंय पण मूळ एकच, लॅटिन काप्पा म्हणजे झगा. संत मार्टिननं आपला झगा फाडून अर्धा भिकाऱ्याला दिला, उरलेला फ्रँक राजांनी जपून ठेवला, तो ठेवायची जागा ती कापेल्ला, सांभाळणारे ते चॅपलेन.

– भावाच्या आठवणीत बांधलं ना, मग आपल्याकडच्यासारखी समाधीवरची छत्री म्हणा की.

– छत्री कशी? भाऊ एल्फ्रिक १०५३ ला डीअरहर्स्टला वारला खरा, पण पुरलाय दुसऱ्या गावी, पर्शोरला. आणि गंमत म्हणजे ओडाच्या शिलालेखात चॅपल हा शब्दच नाहीये! १६७५ साली तिथल्या बागेत दगड सापडला, मूळ आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे, त्यावर "रेजिया आउला" असं कोरलंय, म्हणजे राजाचा दिवाणखाना टाइप. त्याला मराठीत रेडीमेड शब्द आहे, राऊळ. राजकुल वरून राऊळ, आधी राजवाडा, मग देऊळ.

– वा, राऊळ आवडलं! पण शीर्षकात चॅपलच ठेवते, राऊळ शिलालेखाच्या ओळीत वापरेन. आता नेव्ह (लोक जमतात तो भाग) आणि चान्सल (वेदीचा भाग) यांचं काय? सभामंडप आणि गाभारा?

– नेव्हला सभामंडप ठीक. चान्सलला गाभारा मला खटकतो, गाभाऱ्यात मूर्ती असते, इथे वेदी, आणि शब्द आलाय जाळीच्या कठड्यावरून. वेदीकक्ष लिहा. अर्थात या चॅपलच्या बाबतीत सभामंडपही जपूनच, कारण १०५६ च्या १२ एप्रिलला बिशप एल्ड्रेडनं ज्याचं अर्पण केलं ते पुढे शेतकऱ्याच्या लाकडी चौकटीच्या घरात असं गडप झालं की लोक विसरूनच गेले, १८६५ मध्ये परत लक्षात आलं, तोवर सभामंडपात स्वयंपाकघर होतं 😄