अगरूचा तुकडा तापवला की जळकाच वास येतो, नेमकं काय चुकतंय?

मंदज्योत

नमस्कार मंडळी, या विषयातलं इथे कोणाला किती माहीत आहे कल्पना नाही पण विचारून बघतो. मला एका मित्राने अगरूच्या सुगंधी लाकडाचा छोटा तुकडा दिलाय, व्हिएतनामचा आहे म्हणाला, वजन साधारण ३ ग्रॅम, रंग तपकिरी आणि मधेमधे काळपट रेघा. नुसता नाकाशी धरला तर जेमतेम वास येतो, किंचित गोडसर, बंद लाकडी पेटी उघडल्यासारखा. त्यातली एक कपची काढून मी चारकोलच्या वडीवर ठेवली, ती काडी लावल्या लावल्या तडतडत पेटते ना, ती गोल वडी. पहिले चार-पाच सेकंद असा काही वास आला की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो, कसा ते सांगता येत नाही, गार आणि गोड आणि थोडा कडसर असं सगळं एकदम. आणि मग लगेच धूर, आणि मग फक्त जळक्या लाकडाचा वास, तो पडद्यांमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत होता.

दुसऱ्यांदा केलं तर परत तेच. आता तिसरी कपची काढायला हात धजत नाही कारण असा तुकडा मला परत मिळेल असं वाटत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की ते पहिले चार सेकंद लांबवता येतात का? आणि येत असतील तर कसे?

अभ्रकपान

येतात. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. आणि बरं झालं विचारलंत, तिसरी कपची अजिबात वडीवर ठेवू नका.

तुमचं चुकलंय ते फक्त उष्णतेत. पेटलेल्या कोळशाचा पृष्ठभाग ५०० डिग्रीच्या पुढे असतो आणि अगरूचा वास तर १००-१५० च्या आसपासच खुलायला लागतो, म्हणजे तुम्ही त्याला जे पाहिजे त्याच्या कितीतरी पट जास्त दिलंत. ते चार सेकंद म्हणजे लाकूड योग्य तापमानातून धावत पुढे गेलं तेवढा वेळ. त्यात त्या चटकन पेटणाऱ्या वडीत पेट घेण्यासाठी सोरा घातलेला असतो, त्याचा स्वतःचा फटाक्यासारखा वास येतो आणि एवढ्या नाजूक गोष्टीबरोबर तो चालतच नाही.

मी जपानी पद्धतीने करतो, ती सांगतो. एक छोटं जाड बुडाचं सिरॅमिकचं भांडं घ्या, पेल्याएवढं. त्यात पांढरी, चाळलेली, कसलाही वास नसलेली राख दोन तृतीयांश भरा. राख कोरडी पाहिजे, दमट असेल तर आधी एकदा तापवून घ्या नाहीतर पहिली दहा मिनिटं ओल्या मातीचा वास येत राहील. बिनवासाचा छोटा कोळसा बाहेरच पूर्ण पेटवा, काळा भाग कुठेही राहता कामा नये, सगळीकडून राखाडी झाला की मगच राखेत मधोमध पुरा. वरून राख ओढून छोटा डोंगर करा, हलक्या हाताने, दाबू नका. मग शिखरातून एक बारीक काडी कोळशापर्यंत घालून भोक पाडा, त्यातून उष्णता वर येते. त्या भोकावर अभ्रकाची पातळ चकती, आणि चकतीवर लाकूड.

लाकूड किती, तर काडेपेटीच्या काडीचं डोकं असतं तेवढं. खरंच तेवढंच. सुरुवातीला सगळ्यांना वाटतं एवढ्याने काय होणार, पण एवढंच पुरतं, उलट मोठा तुकडा ठेवला तर खालून करपतो आणि वरून थंड राहतो.

उष्णता कमी-जास्त करायची ती राखेनेच. कोळसा वर आला की जास्त, खोल गेला की कमी. धूर दिसला तर समजा चुकलंय, लगेच चिमट्याने चकती उचला, राख थोडी वाढवा, परत ठेवा. बरोबर जमलं की डोळ्यांना काहीच दिसत नाही, लाकूड फक्त हळूहळू ओलसर चमकायला लागतं कारण आतली राळ वर येते. मला तो क्षण फार आवडतो.

अजून एक, भांडं डाव्या तळहातावर घ्या, उजव्या हाताने वरून अर्धवट झाका आणि अंगठ्याजवळच्या फटीतून हळू श्वास आत घ्या. श्वास सोडताना तोंड बाजूला वळवा, नाहीतर राख उडेल. असं तीन वेळा, मग भांडं खाली ठेवा. सलग हुंगत बसलात तर नाकच बधिर होतं आणि वाटतं वास संपला.

निरांजना

वरचं सगळं बरोबर आहे पण मी म्हणेन की एवढा मौल्यवान तुकडा हातात असताना राखेवर शिकू नका, राख हातात बसायला महिने जातात, मला तरी गेले. इलेक्ट्रिक हीटर मिळतात टेंपरेचर सेट करता येणारे, छोटी धातूची ताटली असते त्यावर अभ्रक ठेवायचं. मी ९० वर ठेवते, दहा मिनिटं काही करत नाही, मग १० डिग्रीने वाढवत जाते. माझ्याकडच्या बहुतेक लाकडांना १२० ते १५० मध्ये सगळ्यात छान वास येतो, १८० च्या पुढे कडूपणा यायला लागतो आणि २०० ला तर मी कधीच नेत नाही. पण हे आकडे माझ्या हीटरचे आहेत हं, प्रत्येक हीटरचा डिस्प्ले आणि प्रत्यक्ष लाकडापर्यंत पोचणारी उष्णता यात फरक असतो, म्हणून आकडा न बघता नाकावर विश्वास ठेवा.

आणि वही ठेवा. किती डिग्रीला काय वाटलं ते लिहून. एकाच कपचीचा वास ११० ला वेगळा आणि १४० ला वेगळा असतो, आधी हलके गोड-गार वास येतात, मग मधलं जड, आणि शेवटी कोरडं लाकूड. मला पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा मी रात्री एक वाजेपर्यंत बसले होते, एकच कपची, झोपच येईना.

पंखा बंद ठेवा, पण खिडकी थोडी उघडी. कोळसा वापरणार असाल तर बंद खोलीत अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सावकाश

थोडं वेगळं मत मांडतो. धूर म्हणजे चूक असं सरसकट म्हणू नये. अरब देशांमध्ये पेटत्या कोळशावरच अगरू टाकतात, तिथे कपडे, केस, आख्खी बैठक सुगंधी करायची असते, आणि धूर हाच वास वाहून नेतो. ती पण शेकडो वर्षांची परंपरा आहे आणि त्यासाठी निवडलेलं लाकूड, तुकड्याचा आकार सगळं त्या हिशोबाने असतं. फक्त तिथेसुद्धा चांगले लोक धगधगत्या निखाऱ्यावर टाकत नाहीत, वर राख जमू देतात. मंदज्योत यांना मात्र एकट्याने बसून बारकाईने घ्यायचाय, आणि ३ ग्रॅमच आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी मंद उष्णताच, यात वाद नाही.

कारण काय ते पण सांगतो, कारण कळलं की हात आपोआप सावध होतो. अक्विलेरिया झाडाचं निरोगी लाकूड पांढरट, हलकं आणि जवळपास बिनवासाचं असतं. झाडाला जखम होते, किडा पोखरतो, बुरशी शिरते, आणि झाड बचावासाठी त्या जागी गडद राळ भरत जातं, ही राळ भरलेली जागा म्हणजे अगरू. या राळेत मुख्यतः दोन प्रकारची द्रव्यं असतात. एक सेस्क्विटर्पीन, ती कमी उष्णतेलाही उडतात, तुम्हाला नुसतं हुंगताना जो वास येतो तो यांचा. दुसरी क्रोमोन, त्यांना थंड असताना वास नसतो, पण तापली की तुटतात आणि त्यातून बेंझाल्डिहाइडसारखी छोटी सुगंधी द्रव्यं सुटतात, गोड बदामासारखी. म्हणून तर गार लाकूड आणि तापलेलं लाकूड यांचा वास एवढा वेगळा. आणि उष्णता खूप झाली की राळेच्या बरोबरीने साधं लाकूडच जळायला लागतं, मग तो जळका वास बाकी सगळं झाकून टाकतो. सगळा खेळ राळ तापेल पण लाकूड जळणार नाही त्या पट्ट्यात राहण्याचा आहे.

मंदज्योत

बापरे, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, तिघांचेही मनापासून आभार. हीटर मागवलाय, यायला आठवडा लागेल. तोवर दोन प्रश्न. एक, अभ्रक नाही मिळालं तर अॅल्युमिनियम फॉइल चालेल का? दुसरा, तुकडा खरा आहे की नाही हे कसं ओळखू, मी पाण्यात टाकून बघितला तर तरंगला, तेव्हापासून मन थोडं खट्टू झालंय.

अभ्रकपान

फॉइल चालेल, दुहेरी घडी घालून, कडा थोड्या वर वळवा. अभ्रक जास्त सौम्य तापतं एवढाच फरक. आणि अभ्रकावर राळेचा थर बसला की स्पिरिटने पुसून परत वापरता येतं.

आणि लाकूड पाण्यात टाकू नका हो, सावलीत पूर्ण वाळू द्या आधी, दोन-तीन दिवस तरी.

जुनी_पेटी

तरंगला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. जपानीत अगरूला जिन्को म्हणतात, म्हणजे बुडणारा सुगंध, त्यावरून लोकांच्या डोक्यात बसलंय की बुडलं तरच खरं. राळ भरपूर असेल तर लाकूड बुडतं हे खरं, पण कमी राळेचं लाकूडही सुंदर वासाचं असू शकतं. उलट नकली माल बुडावा म्हणून त्यात धातूची पूड भरतात, त्यामुळे बुडणं हा काही पुरावा नाही. बघायचं असेल तर हे बघा: रेघा लाकडाच्या तंतूंच्या दिशेने अनियमित जाव्यात, सगळीकडून एकसारखा काळाकुळकुळीत तुकडा दिसला की संशय घ्या. गार असतानाच भसकन परफ्यूमसारखा वास येत असेल तर बहुतेक वेळा वरून तेल लावलेलं असतं. तुम्ही जेमतेम वास येतो लिहिलंय, रंग तपकिरी आणि रेघा लिहिल्यात, मला तर वर्णन चांगलं वाटतंय. शेवटचा निकाल मंद उष्णताच देते, रंग किंवा तेल लावलेलं लाकूड पहिल्या मिनिटातच सपाट नाहीतर केमिकलसारखा वास देतं, आणि खरं लाकूड वेळ जाईल तसं बदलत राहतं.

शब्दांचा पण घोळ आहे आपल्याकडे. मराठीत ऊद म्हटलं की बऱ्याच जणांना लोबान आठवतो, तो वेगळ्याच झाडाचा डिंक. अरबी ऊद म्हणजे मात्र अगरू. विकत घेताना हा फरक माहीत नसेल तर फसायला होतं. आणि पुढे कधी घेतलंत तर कागदपत्रं विचारा, अक्विलेरिया मलाक्केन्सिस ही जात १९९५ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि नंतर २००४ च्या परिषदेत या वंशाच्या सगळ्याच जाती त्यात घेतल्या. जंगलातली झाडं आत राळ आहे की नाही हे न कळताच तोडली गेली, त्यामुळे आज मलाक्केन्सिस अतिसंकटग्रस्त यादीत आहे. लागवडीच्या झाडांचं लाकूडही आता चांगलं मिळतं, ते घ्यायला हरकत नाही, मी तर आता तेच घेते.

जाता जाता एक सांगते कारण मला ही गोष्ट फार प्रिय आहे. जपानमध्ये नारा इथल्या शोसोइन या खजिन्यात रांजाताई नावाचा अगरूचा ओंडका आहे, दीड मीटरपेक्षा लांब, वजन ११.६ किलो. त्याचे तुकडे कोणी कधी कापले त्याच्या चिठ्ठ्या त्यावर लावलेल्या आहेत, आशिकागा योशिमासा, १५७४ मध्ये ओदा नोबुनागा, १८७७ मध्ये मेइजी सम्राट. एवढे सत्ताधीश, आणि प्रत्येकाने घेतला तो छोटासा तुकडा. तिथे अगरूचा वास घेण्याला वास ऐकणं म्हणतात. तुम्ही भांडं हातात घेऊन बसाल ना तेव्हा कळेल तो शब्द का वापरला असेल.

मंदज्योत

हीटर आला. काल रात्री बसलो, तुकडा पूर्ण वाळला होता. धारदार ब्लेडने काडीच्या डोक्याएवढी कपची काढली, ९० ला ठेवली, काहीच नाही. दहा मिनिटं काहीच नाही, मला वाटलं पहिल्या दोन वेळेला वडीवर होतं नव्हतं ते सगळं गेलं. १०० ला अगदी पुसट काहीतरी गार, ओल्या दगडासारखं. ११५ ला तो आला. तोच, त्या चार सेकंदांतला, पण आता तो पळत नव्हता, तिथेच होता. मी बाजूला बघून श्वास सोडायचो, परत वळायचो, तर तो तिथेच. १३० ला गोड झाला, खरंच बदामासारखा, सावकाश यांनी लिहिलं होतं तसाच, आणि मग खाली एक कडसर धागा, तो माझ्या बोटांना सकाळीसुद्धा होता. १४० च्या पुढे नेलं नाही. मी घड्याळ बघितलं तर पन्नास मिनिटं झाली होती आणि धूर एकदाही दिसला नाही.

ज्या मित्राने तुकडा दिला त्याला सकाळी फोन केला, त्याने स्वतः कधीच तापवून बघितला नव्हता, रविवारी येतोय. त्याच्यासाठी नवी कपची काढू का कालचीच परत चालेल? ती वरून थोडी काळपट झालीय पण जवळ धरली की अजून वास आहे.

निरांजना

वाचताना अंगावर काटा आला 🙂 त्याच्यासाठी नवी काढा, पहिली गार पायरी त्याला मिळायला पाहिजे, ती जुन्या कपचीत येत नाही. कालची टाकू नका, काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, मसाले, साबण वगैरेपासून लांब. तो गेल्यावर ती एकट्याने १४५ ला लावून बघा, जुन्या कपचीत खालचे कोरडे वास जास्त स्पष्ट येतात. आणि वहीत आकडे लिहिलेत ना काल?