सोलापूर जिल्ह्याची आर्थिक स्थिती दर तिमाहीला कशी जोखावी?

प्रश्न

आमच्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागातर्फे सोलापूर जिल्ह्याच्या आर्थिक स्थितीवर दर तिमाहीला एक टिपण काढण्याचा विचार आहे. राज्याच्या आर्थिक पाहणीतील जिल्हा उत्पन्नाचे आकडे हाती येईपर्यंत शिळे झालेले असतात. यंत्रमाग, विडी, साखर आणि डाळिंब यांवर चालणाऱ्या या जिल्ह्यात रोजगाराची व महागाईची ताजी स्थिती कळण्यासाठी कोणत्या आकड्यांवर भिस्त ठेवावी?

प्रतिसाद १

महागाईच्या बाबतीत आपली सोय बरी आहे. केंद्रीय श्रम ब्यूरो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक देशातील ८८ केंद्रांसाठी दरमहा काढतो आणि त्यांत सोलापूर आहे. मात्र प्रत्येक केंद्राचा निर्देशांक त्याच केंद्राच्या २०१६ च्या भावांना १०० धरून काढलेला असतो. त्यामुळे सोलापूरचा आकडा पुण्यापेक्षा मोठा दिसला म्हणून सोलापूर महाग ठरत नाही, तेथील भाव २०१६ नंतर अधिक वेगाने वाढले एवढेच ठरते. ही चूक वर्तमानपत्रांतही सर्रास दिसते.

प्रतिसाद २

रोजगाराचे आकडे अधिक जपून वापरावेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हा मूलभूत स्तर धरला जातो, पण म्हणून दर तिमाहीला जिल्ह्याचा बेरोजगारी दर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा व्याख्येचा आहे. चालू साप्ताहिक स्थितीनुसार, मागील सात दिवसांत एक तास जरी काम केले असेल तरी ती व्यक्ती रोजगारात मोजली जाते. कारखान्यातून पान-तंबाखू आठवड्यात दोनच दिवस मिळाल्यामुळे जिची मजुरी निम्म्याहून खाली आली, ती घरी विड्या वळणारी बाई या हिशेबात बेरोजगार नसतेच. सोलापुरातील मंदी बेरोजगारीच्या दरात उमटण्याआधी कामाच्या दिवसांत उमटते, म्हणून किती दिवस काम मिळाले हे विचारल्याशिवाय आपले टिपण पुरे होणार नाही. भविष्य निर्वाह निधीच्या नव्या सदस्यांचे आकडेही नव्या नोकऱ्या म्हणून वाचू नयेत: २० पेक्षा कमी कामगारांच्या बहुतेक आस्थापनांवर ती योजना सक्तीची नाही, आणि आपले कितीतरी यंत्रमाग कारखाने त्याच आकाराचे आहेत.

प्रतिसाद ३

उरलेली पोकळी व्यवसाय सर्वेक्षणाने भरता येते. रिझर्व्ह बँकेचे औद्योगिक दृष्टिकोन सर्वेक्षण अखिल भारतीय असल्याने जिल्ह्याला उपयोगी नाही, परंतु त्याची रीत उचलण्यासारखी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाची फेडरल रिझर्व्ह बँक १९६८ पासून आपल्या विभागातील कारखानदारांना दरमहा विचारते की नव्या मागण्या, कामगारसंख्या आणि कच्च्या मालाचे भाव मागील महिन्यापेक्षा वाढले, तेवढेच राहिले की घटले. रक्कम विचारली जात नाही, म्हणूनच उत्तरे मिळतात. आपल्याकडचा व्यापारी उलाढालीचा आकडा परक्याला सांगेल, ही आशाच सोडावी.

समजा, ४० कारखानदारांपैकी १८ जणांनी मागणी वाढली, १२ जणांनी तेवढीच आहे आणि १० जणांनी घटली असे सांगितले, तर ४५ टक्क्यांतून २५ टक्के वजा जाता निव्वळ प्रतिसाद अधिक २० येतो. त्यावरून वाढ किती झाली हे कळत नाही, फक्त कल कळतो. तेच ४० जण दर वेळी कायम ठेवावेत, आणि बंद पडलेल्या कारखान्याला गुपचूप यादीतून काढू नये, नाहीतर निर्देशांक उगाच सुधारलेला दिसेल.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. गळीत हंगामामुळे तिमाहीची तुलना बिघडणार नाही का?

प्रतिसाद २

बिघडेल. साखर कारखाने पेटले की मजूर, वाहतूक आणि बाजारपेठ यांना एकदम गती येते, म्हणून तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी. तेवढ्यानेही भागत नाही, कारण हंगाम कधी सुरू होतो हे दर वर्षी बदलते. कारखाने प्रत्यक्ष किती दिवस चालले याचा रकाना आपल्या तक्त्यात वेगळा ठेवावा.